‘कुत्र्यांना बदनाम करू नका’ म्हणणाऱ्या ‘श्वानमित्र’ यांना

श्वानमित्र,

कुत्र्यांचे जंत माणसाच्या डोळ्यात जाऊ शकतात, या माझ्या लेखावर ‘पोटातले जंत डोळ्यात जातातच कसे? घरात तीन कुत्री आहेत, नातू त्यांच्या अंगावर लोळतो. त्याची शी तपासली, काही निघालं नाही. तुम्ही मात्र कुत्र्यांवर खार खाणाऱ्यांच्या हाती आयतं कोलीत दिलंत,’ असं तुम्ही लिहिलंत.

कोलिताचं आधी. मथळ्यात मी ‘कुत्र्याने चाटलं आणि...’ असं लिहिलं, ते चुकलंच. आज बदललं. टॉक्सोकारा या जंताची अंडी ताज्या विष्ठेत असतात तेव्हा बाधत नाहीत. मातीत दोन-चार आठवडे राहिली की त्यांच्यात बाधणारी अळी तयार होते. म्हणजे भीती तुमच्या सोफ्यावरच्या कुत्र्याची कमी, आणि महिन्यापूर्वी कुणीतरी न उचललेल्या घाणीची जास्त.

पण शीच्या तपासणीवर विसंबू नका. मूल मातीचा हात तोंडात घालतं, अंडं पोटात जातं, अळी आतड्यात बाहेर पडते. कुत्र्यात तिचा पूर्ण जंत झाला असता, माणसात होत नाही. मग अंडी कोण घालणार आणि शीत दिसणार काय? ती अळी रक्तातून यकृत, फुप्फुस करत भटकते आणि क्वचित डोळ्याच्या पडद्यापाशी अडकते. बहुधा एकाच डोळ्यात. दुसऱ्याने नीट दिसत असतं, त्यामुळे मूल काही बोलत नाही. तिरळेपणा आला किंवा बाहुली पांढरट दिसली की घरचे दचकतात. १९५० साली अमेरिकेत डोळ्यांच्या विकृतिशास्त्राच्या अभ्यासक हेलेनॉर वाइल्डर यांनी, बहुतेक कॅन्सरच्या संशयावरून काढून टाकलेले, पण गाठ न सापडलेले ४६ डोळे सूक्ष्मदर्शकाखाली तपासले. २४ डोळ्यांत कृमीच्या अळ्या किंवा त्यांचे अवशेष निघाले. असं क्वचितच होतं, मान्य. पण गेलेली दृष्टी बहुधा परत येत नाही.

आता पिल्लांबद्दल, कारण खरी गोम तिथे आहे. गेल्या पावसाळ्यात आमच्या जिन्याखाली एक कुत्री व्याली. पिल्लांची पोटं टम्म आणि बरगड्या मोजून घ्याव्यात अशा. एकाने माझ्यासमोरच ओकलं. शिजलेल्या शेवयांचा गुंता वाटला, म्हणून वाकून बघितलं, तर त्यातली एक शेवई हळूहळू सरळ होत होती! त्या पिल्लांनी अजून माती चाटली नव्हती. आईच्या अंगात सुप्त पडलेल्या अळ्या गाभणपणात जाग्या होतात आणि गर्भातच पिल्लांत उतरतात. म्हणून जंताचं औषध दुसऱ्या आठवड्यापासून सुरू करायचं. ‘लसीच्या वेळी बघू’ म्हटलं तर तोवर अंडी अंगणात पडलेली असतात.

लेखातला केरळचा फोटो मात्र वेगळ्या जंताचा. डोळ्याच्या पांढऱ्या भागावरच्या पातळ पडद्याखाली वळवळणारा तो डायरोफिलेरिया रेपेन्स. तो डासातून येतो. कुत्र्याला चावलेला डास पुढे माणसाला चावला की अळी शिरते, आणि डॉक्टर छोटीशी चीर देऊन जंत बाहेर ओढतात. तिथे कुत्राही आपल्यासारखाच डासांचा बळी, हे मी लिहायला हवं होतं. तुमचा राग तेवढा रास्त.

जाता जाता, बांधकामाची वाळू अजून अंगणातच आहे, असं तुम्ही मागे लिहिलं होतं. नातू त्यात खेळत असेल. मांजरांच्या टॉक्सोकाराची अंडीही मातीत अशीच बाधणारी होतात, आणि मांजरांना उघडी वाळू भारी आवडते. रात्री त्यावर ताडपत्री टाकता ना?