४० टक्के सवलत आणि एक अर्धवट मेसेज

पुण्यातल्या सोसायट्यांच्या ग्रुपवर मिळकतकराचा एक मेसेज फिरतोय: ‘४० टक्के सवलत परत मिळाली. ती आपोआप लागते, जादा भरलेले पैसे परत येतात, बिल पूर्वीइतकंच होतं. शिवाय मुंबईसारखी ५०० चौरस फुटांपर्यंत माफी.’ ही सवलत म्हणजे मालक स्वतः राहतो त्या घराला करआकारणीत मिळणारी सूट. पहिलं वाक्य खरं आहे. बाकीच्या वाक्यांवर विसंबलात तर भुर्दंड तुम्हालाच.

‘आपोआप लागते.’ ज्यांची सवलत कधी निघालीच नाही, त्यांच्यापुरतं ठीक. पण १ एप्रिल २०१९ पासून नव्याने आकारणी झालेली घरं आणि जीआयएस (संगणकीय नकाशावर आधारित) मिळकत सर्वेक्षणानंतर ज्यांची सवलत काढली गेली ती घरं, या दोघांना सवलतीसाठीचा ‘पीटी-३’ नावाचा अर्ज भरायला सांगितलं गेलं. फी २५ रुपये. सोबत तुम्ही स्वतः राहता असं सोसायटीचं पत्र. मतदार ओळखपत्र, पासपोर्ट, वाहन परवाना, गॅस कार्ड किंवा रेशन कार्ड यांपैकी काहीतरी. आणि शहरात दुसरी मिळकत असेल तर तिच्या बिलाची प्रत. ही शेवटची प्रत बहुतेकांना नको तिथे नाक खुपसणं वाटते, पण सवलत एकाच घराला आहे, म्हणून ती मागतात. फ्लॅट भाड्याने दिला असेल तर सवलत नाही. भाडेकरू गेला आणि मालक राहायला आला, तरी अर्जाशिवाय नोंद बदलत नाही.

‘बिल पूर्वीइतकंच.’ इथे गणित करावंच लागतं. कर घराच्या अंदाजे वार्षिक भाड्यावरून ठरतो. समजा पालिकेने ठरवलेल्या दराने तुमच्या घराचं हे भाडं ३०,००० रुपये धरलंय. स्वतः राहता म्हणून ४० टक्के वजा: १८,०००. त्यातून देखभाल-दुरुस्तीची वजावट. ही पूर्वी १५ टक्के होती, म्हणजे करपात्र रक्कम १५,३००. आता वजावट १० टक्केच, म्हणून १६,२००. सवलत जशीच्या तशी, तरी करपात्र रक्कम जवळजवळ ५.९ टक्क्यांनी वर. हा बदल १ एप्रिल २०२३ पासूनचा. त्याआधीचा फरक शासनाने माफ केला. सवलत नसलेल्याची रक्कम २७,००० येते. म्हणून बिलाचा शेवटचा आकडा बघून वाद घालू नका, ‘वार्षिक करपात्र रक्कम’ बघा. सवलत लागली की नाही ते तिथेच कळतं.

‘पैसे परत येतात.’ बँक खात्यात नाही. पात्र ठरलेल्यांची जादा रक्कम पुढच्या चार वर्षांच्या बिलांतून वळती करायची, असं ठरलं.

‘मुंबईसारखी माफी.’ मुंबई महापालिका १८८८ च्या कायद्यावर चालते, पुणे १९४९ च्या. तिथल्या कायद्यातला बदल इथे लागू होत नाही. मुंबईतही २०१९ साली बिलातल्या वेगवेगळ्या करांपैकी फक्त सामान्य कर माफ झाला होता आणि बाकीचे कर बिलात तसेच राहिले. पूर्ण माफी १ जानेवारी २०२२ पासूनची. ‘माफी’ हा शब्द ऐकला की कोणत्या कराची, हे आधी विचारावं.

आणि अर्ज अडकला म्हणून बिल थांबवून ठेवू नका. थकबाकीवर दरमहा २ टक्के शास्ती, म्हणजे दंड, चढते. मुदतीत भरल्यावर मिळणारी ५ किंवा १० टक्क्यांची सूटही सामान्य करावरच असते, पूर्ण बिलावर नाही. बिल भरून पावती ठेवा आणि अर्जाची पोच घेतल्याशिवाय क्षेत्रीय कार्यालयातून बाहेर पडू नका.