फुटलेला कुकर कंपनीच्या माणसाच्या हाती देऊ नका

मामींच्या कुकरचं झाकण उडालं, हात कोपरापर्यंत भाजला, आणि दुसऱ्याच दिवशी घरच्या ग्रुपवर 'सदोष वस्तूमुळे इजा झाल्यास काय कराल' हा फॉरवर्ड येऊन पडला. खाली 'जनहितार्थ'. मामा त्याबरहुकूम वागायला निघाले होते, म्हणून हे लिहितेय.

सर्वांत घातक सल्ला आधी. 'फुटलेली वस्तू ताबडतोब कंपनीच्या प्रतिनिधीकडे जमा करा, तरच तक्रार नोंदली जाते.' अहो, मग तुमच्याकडे उरलं काय? भाजलेल्या हाताचा फोटो! ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ च्या कलम ३८ नुसार ग्राहकांच्या तक्रारी ऐकणारा ग्राहक आयोग वस्तूचा नमुना सीलबंद करून प्रयोगशाळेत तपासायला पाठवू शकतो. कुकरच हातचा गेला तर तपासणार काय? कंपनीचं उत्तर तर ठरलेलंच असतं: गास्केट लोकल होतं, शिटीत डाळ अडकली होती, तुम्ही नीट वापरला नाही. वस्तूचा गैरवापर किंवा तिच्यात फेरफार झाला असेल, तर कलम ८७ विक्रेत्याला (स्वतः विकणाऱ्या उत्पादकालाही) सुटका देतं, म्हणून सगळा जोर तिथेच. तेव्हा झाकण, गास्केट, सेफ्टी व्हॉल्व्ह, शिटी, सगळं जसंच्या तसं पिशवीत बांधून ठेवा. ओट्याचे, छताला चिकटलेल्या डाळीचेही फोटो काढा. (मामींनी तोवर झाकण घासूनपुसून ठेवलं होतं. आता काय बोलणार!) कंपनीचा माणूस आलाच तर घरी बसून बघू दे. 'नवा कुकर देतो, इथे सही करा' म्हणाला, तर तो कागद आधी पूर्ण वाचा.

पुढचा मुद्दा: 'वकील आधी एक पैसाही घेत नाही, जिंकल्यावर भरपाईचा तिसरा हिस्सा घेतो.' हे थेट अमेरिकेतून उचललेलं दिसतंय. तिथे ती पद्धत आहे. आपल्याकडे बार कौन्सिल ऑफ इंडिया या वकिलांच्या नियामक संस्थेच्या नियमांनुसार वकिलाला निकालावर अवलंबून फी ठरवता येत नाही, भरपाईत वाटाही घेता येत नाही. नोटिशीचे किती, तक्रारीचे किती, तारखांचे किती, हे पहिल्याच भेटीत विचारून लिहून घ्या.

'वकिलाशिवाय आयोगात उभंही करत नाहीत' हे तर धादांत खोटं. तक्रारदार स्वतः बाजू मांडू शकतो. मुंबईहून वर गेलेल्या एका प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने २०११ मध्ये वकील नसलेल्या प्रतिनिधीलाही मुभा दिली. वस्तूची किंमत ५ लाखांपर्यंत असेल तर तक्रारीला शुल्क नाही, आणि तक्रार तुम्ही राहता त्या जिल्ह्यातही करता येते. कंपनीच्या मुख्यालयाच्या गावी खेटे घालायची गरज नाही.

बरं, एक गोष्ट नाइलाजाने मान्य. बोटं गेली, ऑपरेशन झालं, काम बुडालं, असं काही असेल तर वकील घ्याच. समोरून कंपनीचा वकील येणारच, आणि तज्ज्ञाच्या अहवालावर प्रश्न विचारणं तुमच्याआमच्या आवाक्यातलं नाही. फक्त घरच्या जमिनीचा दावा बघणारे काकाच नकोत. उत्पादन दायित्वाची, म्हणजे सदोष वस्तूने झालेल्या इजेच्या भरपाईची (कलम ८२ ते ८७) किती प्रकरणं चालवलीत, हे स्पष्ट विचारा.

'बिल हरवलं की केस संपली' हेही चूक. यूपीआयची नोंद, शिक्का मारलेलं वॉरंटी कार्ड, ऑनलाइन ऑर्डरचा मेल, जे सापडेल ते जोडा. बिल मामांच्या नावावर आणि भाजल्या मामी, म्हणूनही काही अडत नाही. घेणाऱ्याच्या संमतीने वापरणाराही कायद्याने ग्राहकच. तक्रार करायची मुदत मात्र २ वर्षांची आहे.