‘११ महिन्यांचा करार, नोटरी केला की झालं’? नाही हो, नाही झालं

परत तोच मेसेज फिरतोय, या वेळी वर ‘लहान घरमालकांनो एकत्र या’ असं लिहून. सार एवढंच की घरभाड्याचा करार ११ महिन्यांचा ठेवा, नोटरी करा आणि विषय संपवा, रजिस्ट्रेशनची सक्ती म्हणजे सरकारी लूट, आणि वर रजिस्टर केलं की भाडेकरू तोच कागद दाखवून घरावर हक्क सांगतो. एकच फ्लॅट भाड्याने देऊन त्यातून लोनचा हप्ता भरणाऱ्याची चिडचिड कळते मला, पण हा मेसेज त्यालाच खड्ड्यात घालणारा आहे.

११ महिन्यांचं आधी. १९०८ च्या केंद्रीय नोंदणी कायद्यात वर्षापेक्षा जास्त मुदतीच्या भाडेपट्ट्याला नोंदणी लागते, म्हणून लोकांनी एक महिना कापला. पण महाराष्ट्रात ३१ मार्च २००० पासून भाडे नियंत्रण कायदा १९९९ लागू आहे आणि त्याचं कलम ५५ म्हणतं की मुदत कितीही असो, लिव्ह अँड लायसन्स (म्हणजे घर ठराविक मुदतीसाठी फक्त वापरायला देण्याचा करार) लेखी आणि रजिस्टर्डच पाहिजे. जबाबदारी मालकाची. नाही केलं तर ३ महिन्यांपर्यंत कैद किंवा ५००० पर्यंत दंड, किंवा दोन्ही. ‘भाडेकरूला गरज असेल तर तो करेल’ म्हणणाऱ्या काकांनी हे जरा दोनदा वाचावं. आणि नोटरीचा शिक्का म्हणजे नोंदणी नव्हे, कितीही गोल आणि लाल असला तरी.

लूट? २०,००० भाडं, ६०,००० डिपॉझिट, ११ महिने. स्टॅम्प ड्युटी ०.२५ टक्के, म्हणजे साडेपाचशे-सहाशेच्या आसपास, शहरात रजिस्ट्रेशन फी १०००. बस.

आता हक्काचं, कारण सगळी भीती तिथेच आहे, आणि ती हवेतून आलेली नाही. १ फेब्रुवारी १९७३ ला मुंबईत जे लायसन्सवर राहत होते त्यांना जुन्या भाडे कायद्यात दुरुस्ती करून संरक्षित भाडेकरू केलं गेलं, घरं अडकली, ते किस्से अजून घराघरात सांगतात. पण आजच्या, म्हणजे १९९९ च्या कायद्याचं कलम २४ बघा, मुदत संपली की घर सोडायचं, नाही सोडलं तर दिवाणी कोर्टात न जाता सक्षम प्राधिकाऱ्याकडे (यासाठीच नेमलेल्या सरकारी अधिकाऱ्याकडे) अर्ज करता येतो आणि तोवर दुप्पट दराने भरपाई मागता येते. करार रजिस्टर नसेल तर उलट होतं, भाडं किती, अटी काय यावर भाडेकरू जे सांगेल तेच धरलं जातं, खोटं ठरवायचं ओझं तुमच्यावर. म्हणजे हजार-दीड हजार वाचवून केसच्या आधीच हात बांधून घ्यायचे.

‘१२ वर्षं राहिला की मालक’ हेही त्यातच घुसडलंय. तो नियम प्रतिकूल ताब्याचा, म्हणजे मालकाच्या मर्जीविरुद्ध ठेवलेल्या ताब्याचा; तुमच्या परवानगीने राहणाऱ्याचा ताबा तसा होतच नाही.

तक्रारी खऱ्या आहेत, नाही असं नाही. म्हाताऱ्या माणसांचे अंगठे बायोमेट्रिकला लागत नाहीत, एजंट मनाला येईल तो रेट सांगतात, त्यावर बोला की. आणि सोसायटी भाडेकरू ठेवला म्हणून जे नॉन-ऑक्युपन्सी चार्जेस लावते त्यावर ऑगस्ट २००१ च्या सरकारी आदेशाने सेवाशुल्काच्या १० टक्क्यांची मर्यादा आहे, पालिकेचे टॅक्स त्यात धरायचे नाहीत. तुमच्या बिलात किती लावलेत ते एकदा बघा.