माळवदावर झोपण्याचा उद्योग

उन्हाळ्यात माळवदावर झोपण्याच्या सुखाविषयी अलीकडे फार हळवेपणाने बोलले जाते. चांदणे, गार वारा, आजीच्या गोष्टी असा सगळा सरंजाम त्यात असतो. असे बोलणारे लोक त्या काळी घरातले शेंडेफळ असावेत आणि झोप लागल्यावर त्यांना कोणीतरी अलगद उचलून वर नेत असावे, असा माझा दाट संशय आहे. मी घरातला मधला मुलगा होतो. मधल्याला कोणी उचलून नेत नाही. त्यालाच काही ना काही उचलून न्यावे लागते.

आमची गल्ली लातूरच्या गंजगोलाईपासून हाकेच्या अंतरावर होती. गोलाईला सोळा रस्ते येऊन मिळतात हे लातूरकर पाहुण्याला चहाच्या आधी सांगतो. आमची गल्ली त्यातल्या एका रस्त्याच्या पोटात शिरून पुढे बंद होत असे. घरे एकमेकांना पाठ लावून उभी होती, त्यामुळे माळवदे जवळपास सलग होती आणि मध्ये असलीच तर गुडघ्याएवढ्या कठड्याची सीमा होती. आमच्या एका बाजूला आप्पांचे घर, दुसऱ्या बाजूला चाचींचे आणि मागे किराणा दुकानवाल्या शेटजींचे. खालून जायचे तर या चार घरांत चार वेगवेगळे दरवाजे आणि दोन वळणे लागत; वरून मात्र मांजरे आणि मुले सरळ जात असत.

माळवद म्हणजे काही आजच्यासारखी गच्ची नव्हे. जाड दगडमातीच्या भिंती, लाकडी खांब, त्यांवर तुळया, तुळयांवर लाकडी फळ्या किंवा काटक्या आणि त्या सगळ्यांवर दीड-दोन फूट मातीचा थर. या मातीमुळे भर मे महिन्यात, पारा बेचाळीसच्या घरात गेलेला असताना, दुपारी आतला सोपा गार असे. मात्र रात्री हिशेब उलटा होई. बाहेर गारवा सुटे आणि आत दिवसभराची ऊब हळूहळू उतरत राही. टेबलफॅन होता, पण तो फक्त अण्णांच्या दिशेने फिरायचा. साहजिकच सगळे घर वर झोपायला जाई आणि त्याची तयारी दुपारी चारपासूनच सुरू होई.

दुपारी माळवद आमच्या मालकीचे नसे, ते कुरडया-पापडांचे असे. जुन्या धोतरांवर आणि नऊवारी लुगड्यांवर वाळत घातलेला हा ऐवज चिमण्या, कावळे आणि शेजारची मुले यांच्यापासून राखण्याचे काम मला मिळे, आणि राखणदाराला अर्धवट वाळलेली कुरडई खाण्याचा जो अलिखित हक्क असतो तो मी इमानदारीने बजावत असे. ऊन कलले की ते सगळे गोळा करून खाली द्यायचे, माळवद झाडायचे आणि मग सडा मारायचा. पाणी हापशावरून आणायचे, बादली दोरीने वर ओढायची आणि हाताने शिंपडायचे. या शिंपडण्यात मोठे शास्त्र होते. कमी शिंपडले तर तापलेली माती मध्यरात्रीपर्यंत पाठ भाजत राही. जास्त झाले तर पाणी मातीतून थेट स्वयंपाकघरात उतरे. उजेड येण्यासाठी आणि धूर जाण्यासाठी छताला जे सवणे ठेवलेले असते, त्यातून मग आईचा आवाज येई, "किती ओतलालास रे! कणकीत गळलालंय की!" मी हात आखडता घेई आणि रात्री अण्णा म्हणत, "आज सडा मारलाच नाही वाटतं कुणी." या दोघांचेही एकाच वेळी समाधान करणारा सडा लातुरात कोणी मारल्याचे माझ्या ऐकिवात नाही.

त्यानंतर अंथरुणे. वर जायला भिंतीला टेकवलेली लाकडी शिडी होती आणि तिची मधली एक पायरी आम्ही लहान असल्यापासून निखळलेली होती. ती बसवून घेण्याचा विषय दर उन्हाळ्यात निघे आणि पहिल्या पावसाबरोबर मिटे. या शिडीवरून वळकट्या, वाकळा, चादरी, उशा, पाण्याची सुरई, तांब्या, बॅटरी, अण्णांचा ट्रान्झिस्टर आणि आजीचा पानाचा डबा एवढे सामान रोज वर जाई आणि रोज खाली येई. ते वरच ठेवले तर काय होईल, असे मी एकदा विचारले होते. त्यावर वळीव, चोर, माकडे, उंदीर आणि ऊन अशी पाच संकटे पाच जणांनी एका दमात सांगितली.

याशिवाय आजीची बाज असे. आजीला जमिनीवर झोपवत नसे आणि खाली उकडत असे. चार पाय, नवारीचे विणकाम आणि शिडीपेक्षा जास्त रुंदी असलेली ही वस्तू वर चढवताना खालून मोठा भाऊ ढकलत असे, वरून मी ओढत असे आणि आजी अंगणात उभी राहून, "अरे, माजा पाय मोडंल," म्हणत असे. पहिल्या उन्हाळ्यात मी घाबरून तिच्याकडे पाहिले होते. पुढे कळले की तो बाजेचा पाय.

सामान वर पोचले म्हणजे झोपता येई असे नाही. आधी जागावाटप. वारा पश्चिमेकडून येई, म्हणून पश्चिमेच्या कठड्यालगतची जागा अण्णांची. त्यांच्या शेजारी आजीची बाज. आई आणि काकू पलीकडे, चाचींच्या माळवदाला लागून, कारण त्यांच्या गप्पा कठड्यावरून चालत. धाकटा मध्यभागी. मोठ्या भावाला परीक्षेच्या नावाखाली कोपरा मिळे आणि परीक्षा संपली तरी तो कोपरा सोडत नसे. उरलेल्या दोन जागांपैकी एक पन्हाळीजवळची, जिथे सड्याचे पाणी साचून डास येत, आणि दुसरी सवण्याजवळची, जिथे झोपेत पाय सरकला तर तो स्वयंपाकघरात लोंबकळण्याची शक्यता होती. या दोन्हींतून निवड करण्याचे स्वातंत्र्य मला होते.

मग दिशेचा प्रश्न. उत्तरेला डोके करायचे नाही, हा आजीचा पहिला नियम. गोलाईतल्या जगदंबेकडे पाय करायचे नाहीत, हा दुसरा. सिद्धेश्वराकडे पाय करायचे नाहीत, हा तिसरा. सुरतशावली बाबांच्या दर्ग्याकडेही करायचे नाहीत, हा चौथा, कारण देव सगळ्यांचाच आणि शिवाय चाची बघत होत्या. शिवाय वडीलधाऱ्यांकडे पाय नकोत, तुळशीकडे नकोत आणि शेटजींच्या माळवदाकडे नकोत, कारण तिकडे सूनबाई झोपत. हे सगळे पाळल्यावर पाय करायला लातूरच्या आसमंतात फारशी दिशा उरत नसे. मी बहुतेक रात्री गुडघे पोटाशी घेऊन काढल्या आहेत, आणि घरातले लोक त्याला माझी खोड समजत.

दिवे गेले की गल्ली बोलू लागे. चारही माळवदांवर मिळून तीस-पस्तीस माणसे आडवी असत आणि आवाजाला कठडा अडवत नाही याचे भान कोणालाच नसे. शेटजींची उधारी कोणाकडे किती थकली, आप्पांच्या धाकट्या मुलीला उदगीरचे स्थळ का नको, आमच्या काकूंना माहेरहून काय आले नाही, हे सगळे कुजबुजीत सांगितले जाई आणि सकाळी हापशावर त्याच्यावर उघड चर्चा होई. आप्पांचे घोरणे सुरू झाले की सभा संपल्याचे समजावे. ते घोरणे रात्री बार्शी लाईटच्या छोट्या गाडीचे इंजिन स्टेशनात शिरावे तसे लांबून सुरू होई, चढत जाई आणि अगदी जवळ येऊन अचानक थांबे. त्या थांबण्याने आम्ही सगळे जागे होत असू आणि ते पुन्हा सुरू होईपर्यंत काळजीने पडून राहत असू.

एका रात्री मात्र आप्पा घोरले नाहीत. 25 जून 1983 ची ती रात्र. पावसाची धास्ती असूनही सगळे वर होते, कारण लॉर्ड्सवरचे समालोचन अण्णांच्या ट्रान्झिस्टरवर खालपेक्षा वर स्वच्छ ऐकू येत होते. भारताच्या 183 धावा ऐकून आप्पांनी, "ह्यात काय ऱ्हायलंय आता," असे म्हणून वाकळ डोक्यावर ओढली होती. कपिलदेवने रिचर्ड्सचा झेल घेतला तेव्हा ती वाकळ कठड्यावरून थेट आमच्या माळवदावर येऊन पडली आणि मागून आप्पा आले. मध्यरात्रीच्या सुमारास वेस्ट इंडीजचा संघ 140 धावांवर बाद झाला, तेव्हा चारही माळवदांवर माणसे नाचत होती. तेवढ्यात सवण्यातून मातीचा एक मोठा ढेकूळ आत पडल्याचा आवाज आला आणि आईने, विश्वचषक जिंकलेला असतानाही, सर्वांना खाली बसायला लावले.

आजीच्या गोष्टींविषयी सांगायचे तर तिच्याजवळ एकच गोष्ट होती. उत्तरेकडे सप्तर्षी दिसत. त्यांतले चार तारे म्हणजे म्हातारीची बाज आणि मागचे तीन म्हणजे ती पळवायला आलेले चोर. गोष्ट इथे संपे. चोर बाज नेतात का, म्हातारी जागी होते का, पोलीस काय करतात, यांपैकी काहीही ती सांगत नसे, कारण तोवर ती स्वतः झोपी गेलेली असे. बाज आपल्या शेजारीच आहे, तिच्यावर म्हातारीही आहे आणि चोर तीनच आहेत, एवढ्या सामग्रीवर धाकट्याने रात्रभर जागायचे आणि त्याच्या सोबतीला मी.

सगळे निवल्यावर, पहाटेच्या आसपास, कधीतरी वळीव येई. पहिला थेंब कपाळावर पडला की माणूस तो कबूल करत नाही. दुसऱ्याला पक्ष्याचे काम म्हणतो. तिसरा पडल्यावर अण्णा झोपेतच, "जाईल, जाईल, दोन-चार थेंब हायत," असे जाहीर करत आणि त्यांच्या शब्दाला मान देऊन सगळे भिजत पडून राहत. मग आभाळ फाटे. एकच शिडी, एक पायरी नसलेली, आणि तिच्या तोंडाशी अंथरुणे, मुले, ट्रान्झिस्टर आणि आजी यांची गर्दी. बाज मागे राहू नये म्हणून आजी बाजेवरून उठत नसे आणि आजी उठेपर्यंत बाज हलत नसे. अखेर सगळे ओलेचिंब होऊन सोप्यात पोचले की पाऊस थांबे. वर जावे तर माती चिखल झालेली, खाली थांबावे तर माळवद ठिकठिकाणी गळत असलेले. मग पातेली, घमेली आणि परात मांडून त्यांच्या मधल्या जागेत झोपायचे. दुसऱ्या दिवशी अण्णा म्हणत, "मृगाच्या आत वर पांढरी माती टाकली पाहिजे," आणि ती डोक्यावरून कोणी वाहिली असेल हे आतापर्यंत वाचकांच्या ध्यानात आले असेलच.

हे सगळे 30 सप्टेंबर 1993 च्या पहाटे संपले. गणेश विसर्जनाची रात्र नुकतीच सरली होती. चारला चार मिनिटे कमी असताना किल्लारीच्या परिसरात जमीन हलली आणि लातूर-उस्मानाबादकडच्या गावांतली हजारो माणसे दगडमातीच्या घरांखाली गेली. जी माती उन्हाळ्यात आम्हांला गारवा देत होती तिचेच वजन त्यांच्या अंगावर आले. आमच्या गल्लीत भिंतींना तडे गेले, माणसे वाचली. पुढे कित्येक आठवडे सगळे लातूर रस्त्यांवर आणि मैदानांत झोपत होते, आणि तेव्हा कोणाचे पाय कोणत्या देवाकडे आहेत हे आजीनेही पाहिले नाही. त्यानंतर ज्याला जमेल तसे प्रत्येकाने माळवद उतरवले आणि स्लॅब टाकला.

स्लॅबवर कोणी झोपत नाही. दिवसभर तापलेले काँक्रीट रात्री बारापर्यंत ऊन परत करत राहते आणि उरलेली जागा पाण्याची टाकी, सोलर हीटर आणि डिश यांनी व्यापलेली असते. खाली कूलर आहे. तरीही गेल्या मे महिन्यात वादळाने तारा तुटल्या, लाईट जाऊन बराच वेळ झाला आणि मुलांची उकाड्याने तगमग होऊ लागली, तेव्हा मी सगळ्यांना वर नेले. टाकी आणि हीटर यांच्यामधल्या पट्ट्यात सतरंज्या पसरल्या. मुलगा म्हणाला, "बाबा, तुम्ही हे रोज करायचा? कशासाठी?" मी उत्तराची जुळवाजुळव करत होतो, तोच समोरच्या बंगल्याच्या बाल्कनीतून मोबाईलचा झोत आमच्यावर पडला.

"वर काय करलालाव?" शेजारी विचारत होते.

"झोपलालाव," मी म्हणालो.

काही क्षण ते गप्प राहिले. मग त्यांचा आवाज एकदम बदलला. "काही कळलंय का? मोबाईलवर आलंय का काही?"

असे काही नाही, फक्त लाईट नाही म्हणून वर आलो, हे मी दोनदा सांगितले. तोवर त्यांनी घरातल्यांना उठवले होते. त्यांच्या घरातल्यांनी पलीकडच्यांना उठवले. पाऊण तासात आमच्या कॉलनीतली बहुतेक कुटुंबे चटया, लहान मुले आणि दागिन्यांच्या पिशव्या घेऊन रस्त्यावर येऊन बसली. कोणीतरी गॅसची शेगडी आणून चहा ठेवला आणि 1993 साली कोण कुठे होते याच्या हकिगती सुरू झाल्या. लाईट आली तरी आत जायला कोणी तयार होईना. मी प्रत्येकाजवळ जाऊन खरी गोष्ट सांगत होतो, पण उकाड्यासाठी म्हणून चांगला शिकलेला माणूस बायकामुलांना घेऊन गच्चीवर झोपायला जाईल, यावर एकाचाही विश्वास बसला नाही.