चाळिशीत जमलं नाही म्हणजे कष्ट कमी पडले?

सध्या कोल्हापुरातल्या ग्रुपांवर एक मजकूर फिरतोय. ‘पंचविशीत पक्की नोकरी, तिशीत लग्न आणि स्वतःचं घर, चाळिशीत कमाईचं शिखर, साठीत निवांतपणा. ज्याचं हे वेळापत्रक चुकलं, त्यानं कष्ट कमी केले.’ खाली टाळ्यांची रांग. मला हा मजकूर मनापासून खटकतो, कारण तो आयुष्यभर राबलेल्या माणसांना अपराधी ठरवतो.

आधी चाळिशीतलं शिखर. सातव्या वेतन आयोगात दरवर्षी 3 टक्के वेतनवाढ ठरलेली आहे, वर महागाई भत्ता. अशा नोकरीत वय वाढेल तसा पगार वाढणारच. उद्यमनगर किंवा शिरोलीच्या फाउंड्रीत, म्हणजे ओतकामाच्या कारखान्यात, नगावर काम करणाऱ्या मोल्डरचं तसं नाही. त्याची सगळ्यात जास्त कमाई अंगात ताकद असते तेव्हा, म्हणजे तिशीच्या आसपास. पुढं कंबर धरते, भट्टीची धग सोसवत नाही, नग कमी पडतात आणि हातात येणारा पैसाही घटतो. हुन्नर वाढलेला असतो, पण दर नगाला आहे, हुन्नराला नाही. मुलांची कॉलेजं सुरू होतात ती नेमकी याच वर्षांत.

ऊसवाल्याचं तर वर्षाचंच गणित वेगळं. आडसाली लावणीला तोडीपर्यंत सोळा-अठरा महिने लागतात. ऊस गेल्यावर 14 दिवसांत एफआरपी, म्हणजे सरकारनं ठरवलेला उसाचा किमान दर, द्यावी असा कायदा आहे, पण बिल हातात येण्याआधी गावच्या सोसायटीचं पीककर्ज त्यातूनच वळतं होतं. 2019 आणि 2021 ला पंचगंगेचं पाणी ज्यांच्या उभ्या उसात शिरलं, त्यांची काही वर्षांची घडी एका आठवड्यात विस्कटली. त्यांचं वय त्या वेळी पस्तीस होतं की पंचावन्न, यानं काय फरक पडला?

तिशीत घर म्हणाल, तर थोरल्या मुलाला विचारा. बहिणींची लग्नं, वडिलांचं आजारपण, धाकट्याची फी, हे सगळं त्याच्या विशीतल्या आणि तिशीतल्या कमाईतून जातं. त्याचं घर उशिरा होतं, कारण त्याच्या पैशावर बाकीच्यांचं वेळेत झालेलं असतं.

‘कष्ट कमी केले’ हे वाक्य मला सगळ्यात क्रूर वाटतं. राजर्षी शाहू महाराजांनी 1906 मध्ये शाहू मिल या कापड गिरणीची पायाभरणी केली. या मिलच्या भोंग्यावर शहरातल्या किती घरांचा दिवस ठरायचा! 2003 मध्ये ती बंद झाली. त्या वेळी चाळिशीत असलेला कामगार कालपर्यंत या मजकुराच्या वेळापत्रकात चोख बसत होता. माग चालवण्याचं त्याचं कसब दुसरीकडं त्याच दरानं कोण विकत घेणार? वॉचमनकी, दुकानातली मदतनिशी, जे मिळेल त्यावर नव्यानं सुरुवात. कष्ट तितकेच, कदाचित जास्तच, आणि पैसे कमी.

आणि या सबंध वेळापत्रकात बाई कुठं आहे? पंचविशीत नोकरी लागलेली मुलगी लग्नानंतर गाव बदलते, मग बाळंतपण. 26 आठवड्यांची पगारी रजा कायद्यात आहे, पण दहापेक्षा कमी माणसं असलेल्या दुकानाला किंवा क्लासला तो कायदा लागत नाही. तिथं रजा म्हणजे नोकरी सुटणं. मूल शाळेत जायला लागल्यावर ती परत येते तेव्हा पगार पुन्हा पहिल्या पायरीवर. थोडं स्थिरावते न स्थिरावते तोच सासूबाईंचं दुखणं. गावाकडं पाहिलं तर वैरण, शेणघाण, दोन वेळच्या धारा तिच्याच अंगावर. उसाचं बिल वर्षा-दीड वर्षानं येतं, पण दुधाचं बिल दर दहा दिवसांनी. किराणा, औषधं, पोरांच्या वह्या त्यावर निघतात. तरी अनेक घरांत दूध संस्थेचं खातं नवऱ्याच्या नावावर असतं आणि जनगणनेवाला आला की ‘घरीच असते’ असं सांगितलं जातं. घर एकाच्या कमाईवर उभं राहिलं ही समजूत अशीच तयार होते.

राहिली निवांत साठी. कारखान्यातल्या कामगारांच्या ईपीएस, म्हणजे प्रॉव्हिडंट फंडाला जोडलेल्या पेन्शनचा हिशेब 2014 पासून 15,000 रुपये पगाराची मर्यादा धरून होतो. पगाराला नोकरीच्या वर्षांनी गुणायचं आणि 70 नं भागायचं. मधे कामं सुटून, बदलून ज्याची 14 वर्षंच नोंदली गेली, त्याला या मर्यादेत महिना 3,000 च्या पुढं पेन्शन बसत नाही. किमान पेन्शन 1,000 रुपये. ठेकेदाराकडं ज्याची नोंदच झाली नाही, त्याला तेही नाही. साठी उलटलेले लोक एमआयडीसीच्या गेटवर रात्रपाळीला बसतात ते या आकड्यांमुळं. विशीत त्यांच्या ठेकेदारानं फंड भरला असता, तर आज त्यातले कितीतरी जण घरी झोपले असते. हा मजकूर पुढं पाठवणाऱ्यानं आपल्या दुकानातल्या पोराचा फंड भरला जातो का, हे आधी पाहावं.