नानांना कोट हवा

नानांची जन्मशताब्दी जवळ आली, तसं दिवाणखान्यात त्यांचं तैलचित्र लावायचं असं आत्याने परस्पर ठरवून टाकलं. परस्पर ठरवण्यात आत्याचा हात धरणारं आमच्या घराण्यात कुणी नाही. चित्रकार शोधणं आणि पैसे भरणं ही मानाची कामं माझ्याकडे आली.

अडचण फोटोची होती. दादासाहेब फाळके १८७० साली आमच्याच त्र्यंबकेश्वरात जन्मले, पण कॅमेऱ्याला नानांइतका टाळणारा माणूस याच जिल्ह्यात निपजावा! ट्रंका उपसल्यावर दोन फोटो निघाले. एक मतदार ओळखपत्राचा. त्यात नाना कुठल्याच उमेदवाराला मत देण्याच्या मनःस्थितीत नाहीत. दुसरा काकाच्या लग्नातला. त्यात ते आजीच्या मागे उभे, म्हणजे एक कान, अर्धी मिशी आणि टोपी. आजीच्या मागे उभं राहायची त्यांना सवयच होती म्हणा.

मेन रोडलगतच्या एका बोळात चित्रकार सापडले. जिन्यातच टर्पेंटाइनचा वास. त्यांनी भिंग लावून ओळखपत्र न्याहाळलं आणि म्हणाले, "फ्लॅशने नाक खाल्लंय." समोरून झगझगीत उजेड पडला की सावल्या पुसल्या जातात, आणि नाक म्हणजे चित्रकाराच्या लेखी निव्वळ सावलीच. "घरात त्यांच्या वळणाचं नाक कुणाचं आहे?" सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं. मग खिडकीपाशी मान तिरकी करून मी नाक देत बसलो. शिंकायलाही मनाई.

फोटोवर चौकटी आखून, तशाच मोठ्या चौकटी कॅनव्हासवर काढून रेखाटन झालं. त्याचा फोटो घरच्या ग्रुपवर टाकला आणि नाना सार्वजनिक मालमत्ता झाले. "रंग जरा उजळ घ्या." "मिशी पिळदार हवी." आत्याला कोट हवा होता. नानांनी जन्मात कोट घातला नव्हता, पण आत्याच्या सासऱ्यांच्या तसबिरीत कोट आहे, तेव्हा विषय संपला. काकाने फेटा सुचवला. "फेट्याचे वेगळे पडतील," असं चित्रकार म्हणताच काकाला नानांची साधी राहणी आठवली.

चित्र घरी आलं ते ऐन पावसाळ्यात, आणि ओलं. या रंगांत जवसाचं तेल असतं. ते पाण्यासारखं उडून जात नाही, हवेतला प्राणवायू ओढून घट्ट होतं. नाशिकच्या गार, दमट हवेत त्याला कसली घाई? त्यात तपकिरी रंगातल्या मँगनीजमुळे तो लवकर वाळतो, टिटॅनियमचा पांढरा मात्र रेंगाळतो. म्हणजे उसना कोट खडखडीत वाळला आणि नानांचा स्वतःचा सदरा चिकट राहिला. वॉर्निश तर सहा महिने तरी नाही, असं बजावलेलं.

शताब्दीला हार चित्राला न घालता वरच्या खिळ्याला अडकवला. मी सगळ्यांना बजावलं, हात लावू नका. हात कुणीच लावला नाही. आत्याने लांबूनच, मनोभावे, मूठभर अक्षता टाकल्या.

चित्रकारांना फोन केला. ते म्हणाले, "आता उपटू नका, सदऱ्याचं बटण निघेल. वाळल्यावर बघू."

"राहू देत," आत्या म्हणाली. "नाहीतरी बटणं कमीच काढली होती त्यांनी."