फ्रीडा फ्रॉम-राइशमान यांच्याबद्दल एक खुलासा

‘एरिक फ्रॉमने पत्नीला मनोविश्लेषण शिकवलं, म्हणून ती नावारूपाला आली’ असा मजकूर प्रसिद्ध मानसशास्त्रज्ञ-लेखक एरिक फ्रॉम आणि त्यांच्या पत्नी फ्रीडा यांच्याबद्दल फिरतो आहे. (मनोविश्लेषण म्हणजे बोलण्यातून मनाच्या तळाशी दडलेलं शोधण्याची उपचारपद्धती.) तो चुकीचा आहे, आणि फ्रीडांसारख्या थोर मनोविकारतज्ज्ञ डॉक्टरवर अन्याय करणारा आहे.

फ्रीडांचा जन्म १८८९चा, एरिक यांचा १९००चा. पहिल्या महायुद्धात मेंदूला इजा झालेल्या जर्मन सैनिकांवर त्या उपचार करत होत्या तेव्हा एरिक शाळकरी होते. पुढे एरिक यांचंच मनोविश्लेषण फ्रीडांनी केलं! १९२४मध्ये त्यांनी हायडेलबर्गला स्वतःचं उपचारगृह काढलं; लग्न झालं १९२६मध्ये.

१९३३मध्ये हिटलर सत्तेवर आला आणि ज्यू असल्यामुळे फ्रीडांना जर्मनी सोडावी लागली. स्ट्रासबर्ग, पॅलेस्टाइन आणि १९३५मध्ये अमेरिका. तिथे काम मिळवताना एरिक यांची मदत झाली, हे खरं आहे. पण मेरिलँडच्या चेस्टनट लॉज रुग्णालयात १९५७पर्यंत, म्हणजे मृत्यूपर्यंत, स्किझोफ्रेनियाच्या (भास आणि भ्रम होणारा गंभीर मानसिक आजार) रुग्णांशी तासन् तास बोलत राहिल्या त्या फ्रीडाच. या रुग्णांना संवादातून बरं करता येणार नाही, असं तेव्हा बहुतेक डॉक्टर मानत.

आईच्या वागण्यातून स्किझोफ्रेनिया होतो, ही त्यांनी १९४८मध्ये मांडलेली कल्पना मात्र पुढे चुकीची ठरली. तिने अनेक आयांना नाहक दोषी ठरवलं, हेही सांगायलाच हवं.